विचारा की! : फ्लॉरेन्सच्या स्टेशनसमोरचं चर्च

गेल्या अंकात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चवर लिहिलं आणि शेवटी सहज "काही विचारायचं असेल तर कळवा" असं टाकलं, तर मेलबॉक्स भरला की हो! ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉमिनिकन पंथाच्या मठवासीयांचं हे चर्च, पाया 1279 चा, आतून गॉथिक (टोकदार कमानींची मध्ययुगीन शैली), बाहेरून वरचा निम्मा भाग रेनेसाँसचा (ग्रीक-रोमन वळणाची नंतरची शैली), आणि आत मसाच्चो नावाच्या पंचविशीतल्या पोराने 1427 च्या आसपास काढलेलं 'ट्रिनिटी' (म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) हे भित्तिचित्र, ज्याच्यापुढे मी एकदा पाऊण तास उभा होतो आणि बायको वैतागून बाहेर जाऊन बसली होती. बस एवढंच. आता प्रश्न घेऊ, सगळे नाही घेता येणार.

डोंबिवलीहून एका वाचक ताई : आम्ही मे महिन्यात ग्रुप टूरने जातोय. फ्लॉरेन्सला एकूण तीन तास, त्यात कॅथेड्रलच्या बाहेर फोटो आणि मग दीड तास "फ्री टाइम". सासूबाई सोबत आहेत, 74 वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे. एकच काहीतरी नीट बघायचं तर काय बघू?

हेच चर्च बघा. अगदी डोळे मिटून सांगतो. कॅथेड्रलच्या आत जायला रांग असते आणि आत गेल्यावर "एवढंच?" असं होतं, कारण तिथल्या बऱ्याच कलाकृती मागच्या म्युझियममध्ये हलवल्यात. सांता मारिया नोव्हेल्ला रेल्वे स्टेशनच्या समोर आहे (स्टेशनचं नावही तेच), जमीन सपाट, आत बसायला बाकडी, जिने चढायचे नाहीत. सासूबाईंना बाकावर बसवा, त्यांना बसल्या जागेवरून जे दिसेल तेही भरपूर आहे.

माझा पहिल्या खेपेचा अनुभव सांगतो म्हणजे तुम्ही ती चूक करणार नाही. आमच्या टूर लीडरने असाच फ्री टाइम दिला होता आणि मी तो सगळा वॉशरूम शोधण्यात आणि एका दुकानात चामड्याच्या पाकिटाची घासाघीस करण्यात घालवला, बस सुटताना खिडकीतून ही हिरवी-पांढरी भिंत दिसली आणि मी बायकोला म्हटलं, हे काय गं होतं? पाकीट दोन वर्षांत फाटलं.

तर दीड तासात काय बघायचं. तिकीट काढून चौकाच्या बाजूने उजव्या अंगाच्या दारातून आत गेलात की समोरच्या भिंतीवर 'ट्रिनिटी'. तिथे वेळ द्या. मग मान वर करून मधोमध टांगलेला जोत्तो या चित्रकाराचा रंगवलेला लाकडी क्रूस बघा, जवळपास पावणेसहा मीटर उंच आहे, 1290 च्या आसपासचा, आणि त्यातला येशू खरंच वजनाने खाली ओढला गेल्यासारखा लटकलाय, हात ताणलेत, पोट पुढे आलंय. त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या चित्रांतला येशू क्रुसावर असूनसुद्धा ताठ, डोळे उघडे, जणू काही झालंच नाही असा असायचा. मग शेवटी गाभाऱ्यात, म्हणजे मुख्य वेदीच्या मागे, गिर्लांदायो या चित्रकाराची भित्तिचित्रं.

सासूबाईंना ती हमखास आवडतील. डावीकडच्या भिंतीवर मेरीच्या जन्माचं चित्र आहे. श्रीमंत घरातली बाळंतिणीची खोली, भिंतींना लाकडी नक्षीकाम, बाळंतीण उंच पलंगावर, खाली दाई बाळाला घेऊन बसलीय, एक मोलकरीण उंचावरून परातीत पाणी ओततेय आणि तिच्या ओढणीला असा वारा लागलाय की ती आत्ताच धावत आली असावी. आणि डावीकडून पाच बायका बाळाला बघायला आल्यात, पुढे भरजरी कपड्यातली तरुण मुलगी, चेहऱ्यावर "आम्ही आलो बरं का" असा भाव. ही त्या घरची लेक लुदोविका. म्हणजे जोव्हान्नी तोर्नाबुओनीने चित्रांचे पैसे दिले आणि मेरीच्या जन्माला स्वतःची मुलगी पाठवली! हा बँकर होता, फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या बँकेची रोमची शाखा सांभाळायचा, आणि याची बहीण म्हणजे लोरेन्झो द मेदिचीची आई. 1485 ते 1490 असं पाच वर्षं काम चाललं, गिर्लांदायो, त्याचे भाऊ आणि अख्खी कार्यशाळा. 1488 मध्ये या कार्यशाळेत तेरा वर्षांचा एक मुलगा शिकायला लागला, त्याचं नाव मायकेलअँजेलो. त्याचा हात या भिंतीवर कुठे लागला का यावर अभ्यासक भांडतात, आपण नको भांडायला.

एक छोटी दुर्बीण न्या. वरच्या रांगेतली चित्रं नुसत्या डोळ्यांनी कळत नाहीत, मी ट्रेकची जुनी दुर्बीण नेली होती, फार उपयोग झाला. आणि खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. रविवारी सकाळी प्रार्थना असते तेव्हा पर्यटकांना सोडत नाहीत, टूर रविवारची असेल तर आधी वेळ बघून ठेवा.

पुण्याहून एक वाचक : तुम्ही लिहिलंत की चर्चचा दर्शनी भाग अल्बर्तीने 1470 मध्ये बांधला. हे चूक आहे. खालचा भाग त्याच्या शंभर वर्षं आधीचा आहे. मासिकात लिहिताना तरी तपासावं.

तपासायला हवं होतं, कबूल. पुणेकरांच्या पत्राची वाटच बघत होतो म्हणा ना.

खालचा भाग चौदाव्या शतकातला आहे, आणि खरी गंमत त्यातच आहे जी मी एका वाक्यात उडवून लावली. अल्बर्ती या वास्तुरचनाकाराला कोरी भिंत मिळालीच नव्हती. खाली टोकदार कमानींच्या देवळ्या, त्यात बड्या घराण्यांची थडगी, बाजूचे टोकदार दरवाजे, वर मधोमध मोठी गोल खिडकी, हे सगळं आधीच होतं आणि पाडायचं नव्हतं. जुन्या वाड्याचं दार-खिडक्या तशाच ठेवून वर नवीन मजला चढवायचा आणि तो जोडकाम वाटता कामा नये असं कुणी सांगितलं तर आपला आर्किटेक्ट आधी फी वाढवेल. अल्बर्तीने काय केलं, तर मधला दरवाजा गोल कमानीचा केला, दोन मजल्यांच्या मध्ये एक रुंद पट्टा घातला आणि वर ग्रीक-रोमन देवळासारखा त्रिकोणी माथा बसवला. आणि अख्खं माप चौरसात बसवलं. जमिनीपासून त्रिकोणाच्या टोकापर्यंतची उंची आणि भिंतीची रुंदी सारखी. त्या चौरसाच्या निम्म्या बाजूचा एक छोटा चौरस घ्या, वरचा मजला त्यात बसतो आणि खालच्या मजल्यात असे दोन शेजारी शेजारी बसतात. चौकात उभं राहून हाताची बोटं धरून मोजून बघा, लोक हसतील, हसू द्या.

मग प्रश्न राहिला कडेच्या उतरत्या छपरांचा. मधला भाग उंच, दोन्ही बाजू बुटक्या, त्या बाजूंची छपरं समोरून उघडी पडतात. त्यासाठी त्याने दोन्ही बाजूंना वेलांटीसारखी वळणदार भिंत उभी केली, त्यावर संगमरवराचं बारीक जडावकाम. मागे छप्पर आहे हे कळतसुद्धा नाही. ही युक्ती पुढे इतकी चालली की रोमपासून जगभर चर्चवाल्यांनी उचलली.

आणि सगळ्यात वर मोठ्या लॅटिन अक्षरांत काय लिहिलंय? कुठला संत, कुठलं वचन? छे. "पाओलोचा मुलगा जोव्हान्नी रुचेल्लाय, सन 1470". पैसे देणाऱ्याचं नाव! आपल्याकडे देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर "कै. अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ" असतं ना, अगदी तेच, फक्त पंख्याच्या जागी अख्खं चर्च. रुचेल्लाय घराण्याचा पैसा रंगाच्या धंद्यातला, दगडफुलासारखी एक वनस्पती, ओरिचेल्लो म्हणतात, तिच्यातून जांभळा रंग काढायचे आणि त्यावरूनच आडनाव पडलं. तो रंग सुटायला अमोनिया लागतो म्हणजे त्या काळी मूत्र, आणि दंतकथा अशी सांगतात की यांचा एक पूर्वज पूर्वेकडे प्रवासात असताना आडोशाला लघवीला बसला आणि दगडावरचं ते दगडफूल जांभळं झालेलं त्याने पाहिलं. खरं-खोटं देव जाणे. पण त्या शुभ्र संगमरवरावरचं नाव वाचताना मला दर वेळी हेच आठवतं, इलाज नाही.

ठाण्याहून एक आजोबा : फोटोत दर्शनी भिंतीवर लोखंडी कड्यांचं एक यंत्र दिसतं. घड्याळ आहे का?

काशाचं आहे, लोखंडी नाही. त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला एक संगमरवरी तबकडीही आहे, तिच्यावर सूर्यघड्याळं आहेत. एन्यात्सिओ दान्ती नावाचा इथलाच डॉमिनिकन, गणिती माणूस, त्याने 1570 नंतरच्या दोन-चार वर्षांत ही बसवली. भिंतीचं तोंड दक्षिणेला आहे त्यामुळे दिवसभर ऊन. जुनं ज्युलियन कॅलेंडर तोवर दहा दिवसांनी घसरलं होतं, म्हणजे दिवस-रात्र समान व्हायला हवी 21 मार्चला आणि व्हायची 11 मार्चला, त्यामुळे ईस्टरचा सगळा हिशोब चुकायचा. आपल्याकडे पंचांगवाल्यांचे वाद असतात तसलंच प्रकरण. ते नेमकं किती चुकलंय हे दान्तीला कड्यांच्या सावलीवरून मोजायचं होतं. शेवटी 1582 मध्ये पोपने 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 15 ऑक्टोबर लावला, तेच आपलं आजचं भिंतीवरचं कॅलेंडर.

नाशिकहून आर्किटेक्चरची एक विद्यार्थिनी : सर, तुम्ही याला रेनेसाँस चर्च म्हणता पण आत तर टोकदार कमानी आणि रिब्ड व्हॉल्ट (दगडी फासळ्यांवर तोललेलं कमानदार छत) आहेत, सगळं गॉथिक. मग रेनेसाँस आहे कुठे? आणि ट्रिनिटीबद्दल एवढं काय आहे? आम्हाला स्लाइडवर दाखवलं तेव्हा खरं सांगायचं तर बोअर झालं.

स्लाइडवर बोअरच होणार. ते चित्र स्लाइडसाठी नाहीच आहे, ते एका विशिष्ट भिंतीवर, विशिष्ट उंचीवर, उभ्या माणसाच्या डोळ्यांसाठी आहे.

तुझं बरोबर आहे, आतलं बांधकाम गॉथिकच. पण एक गोष्ट बघ, मुख्य दाराशी उभं राहून वेदीकडे पाहिलं की हा मंडप आहे त्यापेक्षा लांब वाटतो, कारण खांबांमधलं अंतर वेदीकडे जाताना कमी कमी होत जातं. म्हणजे डोळ्याला फसवायची खोड या वास्तूत आधीपासूनच होती. मसाच्चोने तेच केलं, फक्त दगड न वापरता.

आता चित्र. साधारण पावणेसात मीटर उंच. वर दोन खांबांमध्ये गोल कमान, तिच्या आत मागे मागे जाणारं अर्धगोल छत, त्याला चौकोनी खण, एक लाल एक निळा असे आलटून पालटून. ही सगळी रोमन पद्धतीची वास्तू, ब्रुनेलेस्की हा वास्तुरचनाकार तेव्हा खऱ्या दगडात जे करत होता ते हे पोरगं रंगात करतंय. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे की गॉथिक चर्चच्या भिंतीत रेनेसाँसची एक खोली आहे आणि ती अस्तित्वात नाही! त्या खोलीत क्रुसावर येशू, मागे उभा राहून क्रूस दोन्ही हातांनी धरलेला पिता, आणि दोघांच्या मध्ये पवित्र आत्मा म्हणजे पांढरं कबूतर, ते पटकन दिसत नाही, पित्याच्या गळ्यातली कॉलर वाटते. मी दोनदा चुकलो. खाली एका बाजूला मेरी, दुसरीकडे येशूचा शिष्य योहान. मेरी रडत नाहीये, ती थेट आपल्याकडे बघतेय आणि हाताने मुलाकडे दाखवतेय. थंड नजर आहे, वय झालेल्या आईची. खांबांच्या बाहेर, आपल्या बाजूला, चित्राचे पैसे देणारं जोडपं गुडघे टेकून. आणि सगळ्यात खाली एक थडगं, त्यावर सांगाडा आणि वर इटालियनमध्ये ओळ, अर्थ असा की मी एकेकाळी तुम्ही आहात तसा होतो आणि मी आहे तसे तुम्ही व्हाल.

आता उभं कुठे राहायचं ते सांगतो. भिंतीला चिकटू नकोस. मागे ये, पाच-सहा मीटर, अजून थोडी मागे. छताच्या सगळ्या रेषा जिथे एकत्र येतात तो बिंदू क्रुसाच्या पायाशी आहे, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. मी बराच वेळ पुढे-मागे करत होतो, काही होईना, आणि मग एका जागी आल्यावर ते छत असं एकदम आत गेलं, भिंत उघडल्यासारखी. सांगाडा नजरेच्या खाली, देव नजरेच्या वर, आणि मधोमध मी. मग मुद्दाम खाली बसून पाहिलं तर जादू गेली, परत उभा राहिलो तर परत आली. एक सुरक्षारक्षक माझ्याकडे संशयाने बघत होता.

आणि हे अंदाजपंचे नाही केलेलं. ओल्या गिलाव्यात खिळा ठोकून, दोरी ताणून रेषा दाबल्यात, त्या खुणा अजून आहेत. गवंडी ओळंबा धरतो तसंच काम. मसाच्चो त्यानंतर रोमला गेला आणि 1428 मध्ये वारला, वय 26.

एक शेवटचं, हे तुला तुझ्या प्रोफेसरांनी सांगितलं नसेल. 1570 च्या सुमाराला चर्चचं नूतनीकरण झालं तेव्हा वासारीने, जो स्वतः चित्रकार आणि ज्याने आपल्या पुस्तकात याच चित्राचं तोंड भरून कौतुक केलंय, त्याने यासमोर दगडी वेदी उभी केली आणि स्वतःचं चित्र लावलं! पण पुसलं नाही, नुसतं झाकलं. तीनशे वर्षांनी, 1860 मध्ये वेदी काढली तेव्हा मागे मसाच्चो निघाला. मग वरचं चित्र भिंतीवरून सोलून प्रवेशाच्या भिंतीवर नेलं, आणि 1952 मध्ये मूळ जागी खालचा सांगाडा सापडला तेव्हा कळलं की दोन्ही एकच आहे, मग परत आणून जोडलं.

सांगलीहून एक वाचक : आमच्या बंगल्याला नामांकित कंपनीचा रंग लावला, दोन पावसाळ्यांत पोपडे. यांचे सहाशे वर्षं कसे टिकले? चिडून विचारतोय.

चिडणं रास्त आहे. फरक असा की तुमचा रंग भिंतीवर बसलाय, यांचा भिंतीत आहे.

खऱ्या फ्रेस्कोत रंगाला डिंक-बिंक काही लावत नाहीत. विरवलेला चुना आणि वाळू यांचा गिलावा करायचा, तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग त्यावर लावायचा. सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि परत चुनखडीचा दगड होतो, रंगाचे कण त्या दगडात कैद. म्हणून त्याला पोपडा धरत नाही. पण यात घाई फार. एका दिवसात जेवढं रंगवता येईल तेवढाच गिलावा सकाळी लावायचा, संध्याकाळी उरलेला कापून टाकायचा, उद्या शेजारी नवीन. इटालियनमध्ये त्या तुकड्याला जोर्नाता म्हणतात, म्हणजे दिवसाचं काम, आपली दिवसाची हजेरीच की. तिरप्या उजेडात त्या तुकड्यांची सीवन दिसते. चेहऱ्याला एक अख्खा दिवस, आकाश एका दिवसात वावभर. चूक झाली तर छिन्नीने खरवडून परत गिलावा.

निळा रंग मात्र दगा देतो. चांगला निळा चुन्यावर टिकत नाही म्हणून तो सुकल्यावर डिंक किंवा अंड्यात कालवून वरून लावायचे, मग तोच आधी झडतो. इटलीतल्या भिंतींवर मेरीचा निळा झगा काळपट, उडालेला दिसला तर कारण हेच. सगळ्यात महाग निळा लाजवर्द दगडाचा, तो यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून. आणि हाच निळा आपल्या अजिंठ्यातही आहे, पाचव्या शतकात, म्हणजे या सगळ्यांच्या हजार वर्षं आधी. फक्त अजिंठा हा खरा फ्रेस्को नाही हो, लोक सर्रास म्हणतात. तिथे मातीचा गिलावा, त्यात भाताचं तूस आणि गवताचे तंतू, वर पातळ पांढरा लेप आणि सुक्या भिंतीवर डिंक घातलेले रंग. म्हणूनच तिथे ओलावा आणि माणसांच्या श्वासाची एवढी भीती.

तुमच्या बंगल्याचं म्हणाल तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग बघा.

लातूरहून एक आई : आम्ही हिंदू, आत गेलो तर चालतं का? चपला काढायच्या का? मुलगा सहा वर्षांचा आहे, तो सांगाडा बघून घाबरेल का?

चालतं. चपला काढायच्या नाहीत, टोपी मात्र पुरुषांनी काढायची. दाराशी भांड्यात पाणी असतं ते तीर्थ म्हणून पिऊ नका, आमच्या ग्रुपमधल्या एका काकांनी ओंजळ भरली होती, मी हात धरला. फोटो बिनाफ्लॅश. इटलीतल्या बऱ्याच चर्चमध्ये अंधारात चित्रापाशी एक पेटी असते, नाणं टाकलं की दिवा लागतो आणि मिनिटभरात विझतो, म्हणून सुटे युरो ठेवा. मुलगा घाबरणार नाही, त्याला सांगाडाच सगळ्यात जास्त आवडेल. शेजारच्या मठात स्पॅनिश चॅपल आहे, 1360 च्या दशकातलं, तिथे भिंतीवर काळे-पांढरे कुत्रे लांडग्यांवर तुटून पडलेत, डॉमिनिकनांची शाब्दिक कोटी आहे ती, डोमिनी कानेस म्हणजे देवाचे कुत्रे. त्याला किती कुत्रे आहेत ते मोजायला लावा, तेवढ्यात तुमचं बघून होईल. त्याच भिंतीवर फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा पूर्ण घुमट रंगवलाय, आणि खरा घुमट बांधायला सुरुवात झाली 1420 ला! कसा बांधायचा हे कुणाला माहीत नव्हतं पण चित्रात बांधून मोकळे.

कोल्हापूरहून एक वाचक : आमच्या राजाराम महाराजांची समाधी फ्लॉरेन्सला आहे असं आजोबा सांगायचे. खरं आहे का? चर्चपासून जवळ आहे का?

शंभर टक्के खरं. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, 1870 मध्ये युरोपला गेले, इंग्लंड करून परत येताना फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला वारले. विशीतला तरुण राजा. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना आपल्या पद्धतीने अग्नी दिला. संगमच शोधला लोकांनी, परक्या देशात. 1874 मध्ये तिथे छत्री उभारली, खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फेटा, दागिने सगळं. जवळच्या पुलाला आजही 'पोंते आल्लिन्दियानो' म्हणजे भारतीयाचा पूल म्हणतात.

चर्चपासून चालत लांब पडेल. काशीने नावाचं मोठं पार्क आहे, साडेतीन किलोमीटर लांब, छत्री पार पश्चिमेच्या टोकाला. सायकल भाड्याने घ्या. मी गेलो तेव्हा छत्रीपाशी एक म्हातारा कुत्रा फिरवत होता, त्याला मी हातवारे करून सांगायचा प्रयत्न केला की हे माझ्या भागातले राजे, त्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि कुत्र्याला पलीकडे घेऊन गेला. ग्रुप टूरमध्ये हे कुणी दाखवत नाही. कोल्हापूरकर असाल तर चर्च सोडा पण इथे जा, असं मीच म्हणतोय.

मुंबईहून एक वाचक : हे सगळं ठीक, पण माणशी दोन-अडीच लाख घालवून इटलीला जाण्यापेक्षा गोव्यात चर्च नाहीत का? तुमच्यासारख्यांना परदेशातलं तेवढंच दिसतं.

टोमणा पोचला. पण तुम्ही नकळत बरोबर जागी बोट ठेवलंत, कारण फ्लॉरेन्सचा एक तुकडा गोव्यात आहेच.

जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकात (1605 चं चर्च) सेंट फ्रान्सिस झेवियरची चांदीची पेटी बघायला सगळे माना वर करतात. ती पेटी गोव्याच्याच कारागिरांनी 1630 च्या दशकात केलेली. पण ती ज्या उंच चौथऱ्यावर ठेवलीय तो बघितलाय कधी? तो फ्लॉरेन्समध्ये तयार झाला. टस्कनीचा (फ्लॉरेन्सभोवतीचा प्रांत) ग्रँड ड्यूक म्हणजे राजा कोसिमो तिसरा, मेदिची घराण्यातला, याला संताच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली आणि त्याची परतफेड म्हणून त्याने आपल्या दरबारी शिल्पकाराला, जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनीला, हे थडगं करायला सांगितलं. दहा वर्षं लागली. रंगीत दगडांचं जडावकाम, चारी बाजूंना झेवियरच्या आयुष्यातल्या प्रसंगांची काशाची पॅनेल्स. मग सगळं सुटं करून, पेट्यांत भरून जहाजाने गोव्याला, आणि 1698 मध्ये इथे जोडलं. त्याच फोज्जिनीचं मोठं काम फ्लॉरेन्सच्या कार्मिने चर्चमध्ये आहे, जिथे दुसऱ्या बाजूला मसाच्चोची भित्तिचित्रं आहेत, म्हणजे फिरून आपण तिथेच आलो.

तेव्हा इटलीचं तिकीट नका काढू. मडगावची गाडी पकडा, सकाळी दार उघडल्या उघडल्या पोचा, नंतर बसेस येतात आणि मग उभं राहता येत नाही. पेटीकडे सगळे बघतील, तुम्ही खाली बघा, दगडाचे रंग कुठे जोडलेत ती सांध सापडते का ते शोधा. मला अजून सापडलेली नाही. आत्ताच दुर्बीण पुसून ठेवलीय, पावसाळ्यानंतर परत जाणार आहे.